विमानाचं पिस्टन इंजिन घडलं कसं? १९०३ ते १९३२ या काळाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विमानाच्या इतिहासात पंखांबद्दल आणि वैमानिकांबद्दल भरपूर लिहिलं जातं, इंजिनाच्या वाट्याला मात्र दोन ओळी येतात. माझ्या मते हा अन्याय आहे. राइट बंधूंचं पहिलं इंजिन एका अश्वशक्तीमागे जवळपास सात किलो वजनाचं होतं. १९२७ साली लिंडबर्ग अटलांटिक पार करून गेला तेव्हा हेच प्रमाण साधारण एका किलोवर आलं होतं. या चोवीस वर्षांत लेथवर उभं राहून, धातू वितळवून, झडपा जाळून घेऊन लोकांनी जे काम केलं, त्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

राइट बंधूंच्या आधी विमानात बसवायला इंजिनच नव्हतं का?

होतं, पण वाफेचं. फ्रान्सच्या क्लेमां आदेर यांचं ‘एओल’ हे विमान ९ ऑक्टोबर १८९० रोजी वाफेच्या जोरावर जमिनीपासून जेमतेम वीतभर उचललं आणि पन्नासेक मीटर गेलं. इंग्लंडमध्ये हायरम मॅक्झिम यांनी १८९४ साली प्रत्येकी १८० अश्वशक्तीची दोन वाफेची इंजिनं लावून साडेतीन टनांचं अजस्र यंत्र रुळांवरून पळवलं. ते रूळ सोडून उठलं आणि मोडलं. बॉयलर, पाणी आणि जळण यांचं ओझं वाहून शिवाय माणूसही न्यायचा, हे गणित वाफेला जमण्यासारखं नव्हतं.

जर्मनीच्या निकोलाउस ऑटो यांचं चार स्ट्रोकचं, म्हणजे पिस्टनच्या चार खेपांत एकदा इंधन पेटवणारं, इंजिन १८७६ सालचं. ते कारखान्याच्या फरशीला बोल्टने आवळून ठेवायचं धूड होतं. डाइमलर आणि माइबाख यांनी ते पेट्रोलवर आणि जास्त वेगावर चालवून हलकं केलं, तेव्हा कुठे उडण्याची आशा निर्माण झाली.

राइट बंधूंचं इंजिन कोणी बनवलं?

चार्ली टेलर यांनी. डेटनमधल्या राइट बंधूंच्या सायकलच्या दुकानात ते मेकॅनिक होते. बंधूंनी आधी बऱ्याच मोटार कंपन्यांना पत्रं लिहिली होती. किमान ८ अश्वशक्ती आणि वजन ऐंशी-नव्वद किलोंच्या आत, एवढीच मागणी होती. कोणाकडूनच हवं तसं इंजिन मिळेना, म्हणून काम दुकानातच करायचं ठरलं.

रीतसर आराखडे नव्हते. तिघांपैकी कोणीतरी कागदाच्या तुकड्यावर भागाचं चित्र काढायचं आणि टेलर तो कागद आपल्या बाकाच्या वर अडकवून कामाला लागायचे. हाताशी एक लेथ आणि एक ड्रिल, दोन्ही दुकानातल्या गॅस इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारी.

क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनची ये-जा फिरण्यात बदलणारा दांडा, त्यांनी कसा काढला ते नीट बघण्यासारखं आहे. पोलादाची एक पाटी घेतली: ३१ इंच लांब, ६ इंच रुंद, १ ५/८ इंच जाड. तिच्यावर क्रँकशाफ्टची आकृती आखली. त्या रेषेच्या कडेकडेने ड्रिलने एकाला एक लागून भोकं पाडली, मधला जादा तुकडा छिन्नी-हातोड्याने फोडून काढला आणि उरलेलं लेथवर चढवलं. चाळीसेक किलोंच्या पाटीतून पावणेनऊ किलोंच्या आत बसणारा शाफ्ट निघाला. लेथवर कधी विषम भार चढवलेला माणूस वाचता वाचताच कपाळावरचा घाम पुसेल. असा शाफ्ट फिरवताना पाटीचा तोल दर फेरीला हात धरून ओढतो आणि जरा चूक झाली की सगळी मेहनत भंगारात जाते.

सहा आठवड्यांत इंजिन उभं राहिलं. चार आडवे सिलिंडर, पाण्याने थंड होणारं, ३.३ लिटरचं. फेब्रुवारी १९०३ मध्ये चाचणीतच बेअरिंग जाम होऊन क्रँककेस, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीची पेटी, फुटला आणि नवं ओतकाम करून घ्यावं लागलं. सुरू केल्या केल्या ते १६ अश्वशक्ती द्यायचं, तापलं की १२ वर यायचं. मागितली होती ८. म्हणजे टेलर यांनी मागणीपेक्षा दीडपट दिलं.

क्रँककेस ॲल्युमिनियमचा होता आणि त्यात सुमारे ८ टक्के तांबं मिसळलेलं होतं. या मिश्रधातूला वेळ आणि उष्णता मिळाली की तो आपोआप कठीण होतो, हे शास्त्र तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. पुढे धातुशास्त्रज्ञांनी त्या मूळ क्रँककेसचा नमुना तपासला, तेव्हा ओतकामाच्या उष्णतेनेच तो कठीण झालेला आढळला.

टेलर यांची शेवटची वर्षं हलाखीत गेली. १९५६ साली ते वारले. आज अमेरिकेत त्यांचा वाढदिवस, २४ मे, विमान दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांचा दिवस म्हणून पाळतात. माझ्या लेखी ‘पहिलं उड्डाण कोणी केलं’ या प्रश्नाच्या उत्तरात तीन नावं घ्यायला हवीत.

त्या इंजिनाला कार्बोरेटर नव्हता, स्पार्क प्लग नव्हता, हे खरं आहे का?

खरं आहे. पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करणारा कार्बोरेटर नव्हता आणि ठिणगी पाडणारा स्पार्क प्लगही नव्हता. पेट्रोलची छोटी टाकी वरच्या पंखाजवळच्या खांबाला बांधलेली असे. तिथून पेट्रोल स्वतःच्या वजनाने नळीतून खाली येई, क्रँककेसवरच्या एका उथळ डबीत पडे, इंजिनाच्या उष्णतेने त्याची वाफ होई आणि हवेबरोबर ती सिलिंडरमध्ये ओढली जाई. आत घेणारी झडप कोणी उघडत नसे. पिस्टन खाली जाताना जी ओढ निर्माण होई तिनेच ती उघडायची. ठिणगीसाठी सिलिंडरच्या आत दोन टोकं एकमेकांना टेकायची आणि झटक्यात वेगळी व्हायची.

इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा थ्रॉटल नव्हता. ठिणगीची वेळ पुढे-मागे करणं, एवढाच ताबा. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकला पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं झालं आणि त्या दिवसाचं चौथं, शेवटचं, ५९ सेकंदांचं. त्या चौथ्या उड्डाणात विमान २६० मीटर गेलं.

त्याच वेळी विमान बनवणारे अमेरिकन शास्त्रज्ञ सॅम्युएल लँग्ली यांच्याकडे याहून चांगलं इंजिन होतं म्हणतात. मग ते का उडाले नाहीत?

इंजिन खरोखरच कितीतरी सरस होतं. न्यूयॉर्कच्या स्टीव्हन बाल्झर यांनी सुरुवात केली आणि चार्ल्स मॅनली यांनी ते जवळजवळ नव्याने घडवलं. पाच सिलिंडर ताऱ्यासारखे मांडलेले, ५२ अश्वशक्ती, पाण्यासकट वजन ९४ किलो. त्या काळाच्या मानाने हे अचाट काम होतं. पण विमानाची चौकट कमकुवत आणि हवेत ताबा ठेवायची सोय अपुरी. ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर १९०३, दोन्ही वेळा ते पोटोमॅक नदीत कोसळलं. दोन्ही वेळा मॅनली स्वतः विमानात होते आणि दोन्ही वेळा वाचले.

राइट बंधूंनी पंख, ताबा आणि विमान पुढे नेणारा पंखा (प्रॉपेलर) यांवर इतकं काम केलं होतं की साधारण इंजिनावरही त्यांचं भागलं.

मग इंजिनात फ्रान्स पुढे कसा गेला?

तिथे मोटारी आणि शर्यतीच्या बोटी यांचा धंदा जोरात होता, पैसा होता आणि चढाओढ होती. लेऑन लव्हाव्हासर यांनी ‘आंत्वानेत’ नावाचं आठ सिलिंडरचं व्ही आकाराचं इंजिन काढलं. भांडवल पुरवणारे झ्यूल गास्तांबिद यांच्या मुलीचं हे नाव. ५० अश्वशक्तीला पंचाण्णवेक किलो. सांतोस-द्युमाँ यांनी १२ नोव्हेंबर १९०६ रोजी २२० मीटरचं उड्डाण केलं ते यावरच.

लव्हाव्हासर काळाच्या पुढे होते. कार्बोरेटर टाळून त्यांनी पंपाने मोजकं पेट्रोल थेट झडपांपाशी सोडलं. पण बारीक भोकं कचऱ्याने तुंबायची. १९ जुलै १९०९ रोजी ह्युबेर लाथाम इंग्लिश खाडी ओलांडायला निघाला, इंजिन बंद पडलं आणि तो समुद्रात उतरला.

आणि सहा दिवसांनी फ्रेंच वैमानिक लुई ब्लेरिओ ती खाडी पार करून गेला. त्याचं इंजिन चांगलं होतं का?

चांगलं म्हणवत नाही, चिवट होतं. आलेस्सांद्रो आन्झानी यांचं तीन सिलिंडरचं, हवेने थंड होणारं, २५ अश्वशक्तीचं. सिलिंडरच्या तळाशी जादा भोकं होती, त्यातून धूर आणि तेल दोन्ही वैमानिकाच्या अंगावर उडायचं. २५ जुलै १९०९ रोजी ते सदतीसेक मिनिटं चाललं आणि तेवढं पुरलं. वाटेत पावसाची सर आल्यामुळे तापलेलं इंजिन वाचलं, असं सांगितलं जातं.

‘रोटरी’ इंजिनात सिलिंडरच फिरायचे म्हणजे नक्की काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, कारण पहिल्यांदा ऐकल्यावर विश्वास बसत नाही. नेहमीच्या इंजिनात सिलिंडर स्थिर आणि क्रँकशाफ्ट फिरतो. रोटरीत उलट. क्रँकशाफ्ट विमानाच्या चौकटीला पक्का आवळलेला आणि त्याच्याभोवती क्रँककेस, सगळे सिलिंडर आणि पुढचा पंखा हे एकत्र गरगर फिरणार.

लुई आणि लोराँ सेगँ या भावांनी हे का केलं? दुखणी दोन होती. एक म्हणजे उष्णता: विमान जमिनीवर उभं असलं किंवा हळू चाललं तरी सिलिंडर स्वतः हवेतून फिरत असल्यामुळे थंड राहतात, पाणी आणि रेडिएटर लागत नाही. दुसरं म्हणजे फ्लायव्हील: सगळं इंजिनच फिरत असल्यामुळे वेगळ्या जड चाकाची गरज नाही आणि चाल एकदम मऊ. त्यांचं ‘नोम’ हे सात सिलिंडरचं इंजिन ५० अश्वशक्ती देई आणि भरे ७५ किलो. एका अश्वशक्तीमागे दीड किलो!

त्याचा सिलिंडर हातात घेऊन बघावा असा. सेगँ बंधूंनी तो ओतला नाही, घडीव निकेल-पोलादाच्या सबंध ठोकळ्यातून लेथवर कोरून काढला. भिंत अवघी दीड मिलिमीटर. उष्णता बाहेर टाकणाऱ्या बाहेरच्या कडाही त्याच ठोकळ्यातून कापलेल्या, एकीशेजारी एक, बांगड्यांच्या चळतीसारख्या. घेतलेल्या पोलादापैकी बहुतेक सगळं कीस होऊन लेथखाली पडायचं. इतकं महाग काम त्या काळात फक्त बंदुकीच्या कारखान्यात व्हायचं.

ऑगस्ट १९०९ मध्ये रँस इथे पहिला मोठा विमानमेळा भरला. तिथे आंरी फार्मान यांनी नोम इंजिनावर तीन तासांहून अधिक वेळ हवेत राहून १८० किलोमीटर कापले. त्यानंतर प्रत्येकाला नोम हवं झालं.

सिलिंडर सात किंवा नऊच का? आठ का नाही?

चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत सगळे सिलिंडर एकेकदा पेटायला हवेत. सात असतील तर एक सोडून एक पेटवत जा: १, ३, ५, ७, २, ४, ६. दोन फेऱ्यांत सगळे झाले, अंतरही सारखं. आठ घेतले तर १, ३, ५, ७ नंतर पुन्हा १ येतो आणि सम आकड्यांचे सिलिंडर उपाशी राहतात. ताऱ्याच्या मांडणीच्या पुढच्या स्थिर इंजिनांनाही प्रत्येक रांगेसाठी हाच नियम लागू आहे.

एरंडेल तेल खरंच वापरायचे?

हो, आपण जुलाबासाठी घ्यायचो तेच. रोटरीत पेट्रोल आणि हवेचं मिश्रण क्रँककेसमधून जायचं. खनिज तेल असेल तर पेट्रोल ते धुऊन नेतं आणि बेअरिंग कोरडं पडतं. एरंडेल पेट्रोलमध्ये सहजी मिसळत नाही, शिवाय तापलं तरी धातूला धरून राहतं. पण ते गोळा करून पुन्हा वापरायची सोय नव्हती. एकदा आत गेलं की धुराबरोबर बाहेर. तासनतास ते नाकातोंडात गेल्यावर वैमानिकांच्या पोटाचं काय होत असेल, हे आपल्याकडच्या आज्यांना विचारावं.

पहिल्या महायुद्धात या तेलाची टंचाई इतकी झाली की अमेरिकेने आशियातून एरंडीचं बी मागवून एक लाख एकरांहून जास्त जमिनीवर लागवड करवली.

रोटरी इंजिनाचं विमान चालवायला अवघड होतं का?

होतं. इंजिनाचं फिरणारं वजन भोवऱ्याचे गुण दाखवतं: एका बाजूला वळायला गेलात तर नाक दुसऱ्याच दिशेला जातं. सॉपविथ कॅमल या ब्रिटिश लढाऊ विमानात उजवीकडे वळलं की नाक खाली, डावीकडे वळलं की वर. नवशिक्यांचे बळी गेले, पण ज्याला हे साधलं त्याच्या हातात ते विमान चपळ होतं. पंजाबचे हरदित सिंग मलिक हे १९१७ साली रॉयल फ्लाइंग कोअरच्या २८व्या स्क्वाड्रनमध्ये कॅमलच उडवत होते.

नोमचा वेग थ्रॉटलने हवा तसा कमी करता येत नसे. उतरताना दांड्यावरचं बटण दाबून ठिणगीच तोडायची, बटण सोडलं की इंजिन पुन्हा धडधडायचं. ठिणगी बंद असली तरी पेट्रोल येतच राही. ते इंजिनाभोवतीच्या कवचात साचलं आणि बटण सोडल्यावर पेटलं, तर आग.

मग रोटरी गेलं कशामुळे?

ताकद वाढवायची तर वेग वाढवावा लागतो. पण सिलिंडर हवेत ढवळण्यात जी शक्ती वाया जाते ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट, तर नुकसान आठपट. शिवाय बाहेर फेकणारा जोर सिलिंडर उपटू पाहतो. ज्या युक्तीने इंजिन हलकं केलं तिनेच त्याच्या ताकदीला कुंपण घातलं. पेट्रोल आणि तेल खाणं, थोड्या थोड्या तासांनी इंजिन खोलावं लागणं, हेही होतंच. युद्ध संपलं तेव्हा रोटरीचे दिवसही भरत आले होते.

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांमध्ये महत्त्वाचं कोणतं?

मला विचाराल तर हिस्पानो-सुइझा. बार्सिलोनात काम करणारे स्विस अभियंता मार्क बिर्किग्ट यांनी १९१५ मध्ये एक साधी वाटणारी गोष्ट केली. तोवर प्रत्येक सिलिंडर सुटा बनवून क्रँककेसवर बसवत. बिर्किग्ट यांनी चार सिलिंडरचा एकच ॲल्युमिनियमचा ठोकळा ओतला आणि त्यात आटे पाडलेल्या पोलादी नळ्या फिरवून बसवल्या. ठोकळाच सगळ्याला धरून ठेवत असल्यामुळे इंजिन ताठ आणि हलकं झालं. झडपा आणि त्या उघडणारा कॅमशाफ्ट झाकणाखाली, तेलात. स्पॅड सात आणि एस.ई.५ए ही लढाऊ विमानं या इंजिनावर उभी राहिली. जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा विजय मिळवणारे इंद्रलाल रॉय एस.ई.५ए उडवत होते.

पुढे २०० अश्वशक्तीच्या आवृत्तीत दात्यांचा गिअर घातला आणि काही कारखान्यांनी ते दाते नीट कडक केले नाहीत. आराखडा उत्तम आणि उष्णतोपचार कच्चा, याचं मोल गिअर तुटलेल्या विमानातल्या वैमानिकांनी चुकवलं.

पहिल्या महायुद्धातलं अमेरिकेचं लिबर्टी इंजिन पाच दिवसांत बनलं ही दंतकथा आहे का?

बनलं नाही, आखलं गेलं. २९ मे १९१७ रोजी पॅकार्डचे जेसी व्हिन्सेंट आणि हॉल-स्कॉटचे एल्बर्ट हॉल वॉशिंग्टनच्या विलर्ड हॉटेलात बसले आणि पाच दिवसांत मुख्य आराखडे झाले. मात्र दोघांच्या गाठीला आधीची इंजिनं होती. नवं काही शोधायचं नाही, सिद्ध झालेलंच वापरायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. बारा सिलिंडर, २७ लिटर, ४०० अश्वशक्ती. फोर्डने पोलादी नळीपासून सिलिंडर बनवायची पद्धत काढली आणि वीस हजारांहून जास्त इंजिनं तयार झाली.

याच्या उलट उदाहरण ब्रिटनच्या ‘ड्रॅगनफ्लाय’चं. चाचण्या पूर्ण व्हायच्या आधीच हजारोंनी मागणी नोंदवली. मग कळलं की इंजिन नेमक्या चालायच्या वेगावरच भयंकर थरथरतं आणि तापतं.

उंचीवर इंजिन दमतं, त्यावर तेव्हा काय केलं?

साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब निम्म्यावर येतो, म्हणजे इंजिनाला श्वासच अपुरा. जर्मनीत माक्स फ्रिट्झ यांनी बीएमडब्ल्यूचं असं इंजिन केलं की जमिनीवर ते पूर्ण ताकदीने चालवायचंच नाही. उंचीवर गेल्यावर खास कार्बोरेटर पूर्ण उघडायचा.

अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी धुराच्या जोरावर फिरणाऱ्या टर्बोने हवा दाबून आत घातली. १९१८ साली ते लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून ४,३०० मीटर उंच पाइक्स पीकवर घेऊन गेले. खाली ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन वर टर्बोशिवाय २३० देत होतं, टर्बोसकट ३५६.

इंजिनं सर्वात जास्त कशाने बंद पडायची?

ठिणगी आणि झडप. युद्धाआधी ब्रिटनमधले बहुतेक सगळे मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीसाठी चुंबकाने वीज बनवणारी यंत्रं, जर्मनीच्या बॉश कंपनीकडून येत. ऑगस्ट १९१४ मध्ये तो पुरवठा तुटला आणि हा उद्योग घाईने उभारावा लागला.

धूर बाहेर सोडणारी झडप लालबुंद होऊन वाकायची, तडकायची. यावरचा उपाय मला फार आवडतो. सॅम हेरन यांनी झडपेची दांडी पोकळ करून त्यात सोडियम भरलं. तापल्यावर सोडियम वितळतं, झडप वरखाली होताना आत हिंदकळतं आणि डोक्याकडची उष्णता दांडीकडे वाहून नेतं. हेरन यांच्या सिलिंडरच्या आणि झडपांच्या कामामुळेच राइट कंपनीचं ‘व्हर्लविंड जे-५’ भरवशाचं झालं. नऊ सिलिंडर, हवेने थंड, २२० अश्वशक्ती. २० आणि २१ मे १९२७ रोजी ते लिंडबर्गसाठी साडेतेहेतीस तास न थांबता चाललं. १९०३ मध्ये ५९ सेकंद, १९२७ मध्ये साडेतेहेतीस तास!

शिवकर बापूजी तळपदे यांच्या विमानात कोणतं इंजिन होतं?

मराठी वाचक हा प्रश्न हमखास विचारतात. तळपद्यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर पाऱ्यावर चालणारं विमान उडवल्याचं सांगतात. त्या इंजिनाचा आराखडा, वजन, ताकद, त्याचा उरलेला एखादा भाग, यांपैकी काहीही तपासायला उपलब्ध नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ या संस्कृत ग्रंथाचा दाखला देतात, त्याचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ मध्ये केला. तो ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तळपद्यांच्या ध्यासाबद्दल आदर ठेवूनही त्यांना इंजिनाच्या इतिहासात जागा देता येत नाही.

मग या इतिहासाचा मुंबईशी काहीच संबंध नाही?

आहे, आणि तो सरळ आहे. युद्धानंतर रेनो कंपनीच्या आठ सिलिंडरच्या इंजिनांचे सुटे भाग इंग्लंडमध्ये स्वस्तात पडून होते. फ्रँक हॅलफर्ड यांनी १९२५ च्या सुमारास अशा इंजिनाचा अर्धा भाग, म्हणजे चार सिलिंडर घेतले, खाली नवा क्रँककेस दिला आणि ६० अश्वशक्तीचं ‘सिरस’ केलं. त्यावर द हॅविलंडचं मॉथ विमान आलं आणि सामान्य माणसाला उडायला शिकणं परवडू लागलं. पुढे हॅलफर्ड यांनीच ‘जिप्सी’ मालिका काढली. तिच्यातल्या जिप्सी तीनमध्ये चारही सिलिंडर उलटे, डोकी खाली करून टांगलेले, त्यामुळे वैमानिकाला समोरचं नीट दिसे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पस मॉथमधून. त्याच्या नाकात हेच १२० अश्वशक्तीचं इंजिन होतं.

त्या काळातलं काही आजच्या इंजिनात उरलं आहे का?

बरंच. बारामतीच्या धावपट्टीवर शिकणाऱ्या मुलाच्या चार आसनी विमानात आजही हवेने थंड होणारे सिलिंडर असतात, त्यांवर तशाच कडा असतात आणि प्रत्येकाला दोन प्लग. ते दोन प्लग दोन स्वतंत्र मॅग्नेटोंवर चालतात, म्हणजे बॅटरी मेली तरी ठिणगी राहते. उड्डाणाआधी तो इंजिनाचा वेग वाढवतो, एकेक मॅग्नेटो बंद करतो आणि वेगाचा काटा किती उतरला ते बघतो. ठरल्यापेक्षा जास्त उतरला तर विमान जागेवर परत.